वाटा उकरायच्या आपण आणि बुजवायच्या कुणी?

कातळखोर
पुण्यातली वेताळ टेकडी घ्या नाहीतर मावळातली पठारं, पावसाळा सरला की वाटांची दशा एमटीबीवाले (डोंगरात सायकल चालवणारे) आणि डर्ट बाइकवाले (कच्च्या वाटांवर मोटारसायकल चालवणारे) दोघांनाही ठाऊक असते. आदल्या वर्षीच्या चाकोरीचा यंदा गुडघाभर ओघळ झालेला असतो. मग आपण बाजूच्या गवतातून नवी वाट पाडतो. पुढच्या वर्षी तिसरी.

माझं म्हणणं इतकंच: जो चालवतो त्यानं मे महिन्यात एखादा रविवार कुदळ-फावडं घेऊन यावं. आपल्याकडे खाली काळा कातळ आणि वर जेमतेम मुरूम-माती. चाकानं गवत उपटलं की जूनच्या पावसाला आयता पाट मिळतो. सुरुवात चाक करतं, पण वाट खातं ते पाणी. म्हणून काम पाण्याचं करायचं. वाटेला दरीच्या बाजूनं शंभराला पाचचा कल द्यायचा आणि लांब उतारात मध्येच छोटा उलटा चढ काढायचा, म्हणजे पाणी तिथंच बाहेर पडतं. 1988 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनचे यावर ठोकताळेच आहेत: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि सरासरी 10 टक्क्यांच्या आत हवा. आपल्या नाकासमोर चढणाऱ्या वाटा यात साफ नापास.

रानजाई
श्रमदान म्हटलं की सगळं माफ होतं का? जमीन राखीव वनाची असेल तर विनापरवानगी आत शिरणं आणि दगड काढणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. शिवाय तुम्ही जे दगड उचलून वाटेला लावणार, त्यांच्याखाली विंचू, पाली आणि फुरसं राहतं. पठारावरच्या ज्या डबक्यातून तुम्ही पाण्याला वाट काढून देणार, त्यात पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पती असतात. आणि वाट गुळगुळीत झाली की गाड्या वाढणार, हे वेगळं सांगायला नको.

चिखलप्रेमी
ताई, गाड्या तशाही वाढणारच आहेत. मोडक्या वाटेवर वाढण्यापेक्षा धड वाटेवर वाढू देत.

रानजाई
हा युक्तिवाद प्रत्येक अतिक्रमणाच्या बाजूनं करता येतो.

लीड्सकर
इकडे इंग्लंडमध्ये काही बायवेंवर, म्हणजे जुन्या कच्च्या सार्वजनिक वाटांवर, मोटारसायकलला कायदेशीर हक्क आहे. ट्रेल रायडर्स फेलोशिप ही संघटना 1970 पासून आहे, तिचे सभासद वाटांची कामंही करतात. तरी 2006 च्या कायद्यानं, नकाशावर रीतसर नोंद नसलेल्या बहुतेक वाटांवरचा मोटारींचा हक्क गेलाच. फावडं मारलं म्हणून हक्क शाबूत राहतो, या भ्रमात राहू नका. नोंद लागते. आपल्याकडे तर मुळात हक्कच नाही.

सायकलपुरतं
सायकल आणि डर्ट बाइक एका ताटात का वाढताय? एक पंधरा किलोची, दुसरी शंभरच्या पुढची, त्यात इंजिनाच्या जोरावर जागच्या जागी फिरणारं मागचं चाक. आणि फावड्याआधी एक फुकटचा उपाय आहे: माती ओली असताना जाऊच नका. जून ते सप्टेंबर वाट सोडा, निम्मं काम वाचेल.

चिखलप्रेमी
पावसातच तर मजा! मग रेनसूट काय लग्नात घालायचा?

मुळशीकर
गेले दोन दिवस वाचतोय, गावाचं नाव कुणीच घेईना. ज्याला तुम्ही ट्रेल म्हणताय ती आमच्या गुरांची वाट, जमीन गायरान. मागं एक ग्रुप आला, उतारावर आडवे दगड रचून गेला. पाणी वळलं असेल, पण म्हशी उतरेनात. शेवटी आम्हीच ते उपसून टाकले. दुसरं म्हणजे, आम्ही माथ्यावर पाणी जिरवायला सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीतले खंदक, खणलेत. त्यांच्या बांधावरून तुमची पोरं गाड्या उडवतात. बांध फुटला की चर गेला, आणि खालच्या विहिरीचं पाणीही. तुम्हाला खरंच फावडं मारायचंय तर आधी ते बांध भरून द्या.

कातळखोर
दादा, चरांचं पटलं. पहिला रविवार त्यालाच देऊ, वाट नंतर. कोणता दगड कुठं बसवायचा तेही गुराख्यालाच विचारून ठरवू. वनजमिनीवर मात्र लेखी परवानगी आल्याशिवाय कुदळ लावायची नाही, हे रानजाईंचं मान्य. पण ‘काहीच करू नका’ हे मान्य नाही. न केलेल्या कामानंही डोंगर झिजतोच.

रानजाई
‘काहीच करू नका’ असं मी म्हणत नाहीये. नव्या पाडलेल्या दोन वाटा काटे टाकून बंद करा, मीही येते. जुनी वाट सुधारायला येणार नाही.

मुळशीकर
1 मेला ग्रामसभा असते. तिथं येऊन मांडा विषय. आणि गाड्या फाट्यावर लावा, वर आणू नका.