डक्टमधले क्लॅम्प गंजतायत: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-६०३: सेक्रेटरी काका, आमच्या विंगची समुद्राकडे पाठ आहे, तरी डक्टमधले पाइपांचे क्लॅम्प पार गंजलेत. एवढा खारेपणा आमच्याकडे येतो कुठून?

ए-७०४: हवेतून, ताई. लाट फुटताना पाण्यात असंख्य बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटले की बारीक थेंब उडतात आणि वाऱ्याला लागतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून थेंब सुकला तरी क्षाराचा कण उरतोच. जाडे कण किनाऱ्यापासून काहीशे मीटरांतच बरेचसे खाली बसतात. मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, किंवा त्याहून लहान कण मात्र कित्येक दिवस तरंगतात, शेकडो किलोमीटर आत जातात.

सी-६०३: मग पुढच्या विंगचा आडोसा काहीच कामाचा नाही?

ए-७०४: थोडाफार आहे. पण वारा इमारतीला वळसा घालून मागे भोवरे करतो, त्यातून कण डक्टमध्ये शिरतात. आणि खरी मेख अशी की पुढची भिंत पावसाने धुऊन निघते. डक्टमध्ये, ग्रिलच्या खालच्या अंगाला, एसीच्या आउटडोअरमागे पाऊस पोचतच नाही. तिथे मीठ नुसतं साठत राहतं.

बी-२०१: पाऊसच पोचत नाही तर ओल कुठली? कोरड्या मिठाने गंज कसा चढेल?

ए-७०४: ते कोरडं राहत नाही हो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ पाणी ओढून आपणच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. क्लॅम्पच्या खालून बोट फिरवून बघा, दमट हवेत चिकट लागेल.

बी-२०१: स्लॅबलाही धोका आहे का?

ए-७०४: आहे, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. मिठातलं क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून सळईपर्यंत पोचतं आणि ती गंजायला लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे वरचं काँक्रीट फुगून सुटतं. बाल्कनीखाली सळईच्या रेषेत तडा दिसला तर वरवर प्लास्टर मारू नका, क्लोराइड आतच राहतं.

सेक्रेटरी: पुढच्या महिन्यात ग्रिल आणि पाइपांना रंग द्यायचा आहे. आधी धुऊन घ्यायचं ना?

ए-७०४: हो काका, गोड्या पाण्याने, खालच्या अंगानेसुद्धा. मिठावरच रंग मारला तर ते रंगाखाली ओल ओढतं आणि फोड येतात.

सेक्रेटरी: मग सी विंगच्या डक्टपासून सुरू करू. गच्चीच्या नळाला पाइप लावून घेतो.

सी-६०३: चालेल काका. त्या दिवशी डक्टकडच्या खिडक्या बंद ठेवायला सगळ्यांना आदल्या रात्री कळवा.