मदत हवी आहे: चिंतेच्या गोळ्या आणि शरीरसंबंधातली अडचण

मी सांगलीची, वय ३४. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हापासून चिंतेचा आजार मागे लागला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांकडे, म्हणजे इशारा पातळीकडे, सरकू लागलं की छातीत धडधड, रात्री उठून फोनवर पातळी बघत बसायचं. शेवटी मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम दिली. धडधड थांबली, झोप लागते. त्याबद्दल तक्रार नाही.

खरं नाव द्यावं लागत नाही म्हणूनच पुढचं लिहितेय. गोळ्यांआधी नवरा जवळ आलेलाच नको वाटायचा. अंग आखडायचं, कोरडेपणामुळे दुखायचं. आता दुखत नाही, इच्छाही होते, पण शेवटचं सुख मिळतच नाही. मध्येच सगळं बधिर. म्हणजे आधीचं आजाराने होतं आणि हे गोळीने, असंच ना? ह्यांना वाटतं त्यांचंच काही चुकतंय.

डॉक्टरांना विचारावं तर शेजारी सासूबाई. डॉक्टर "बाकी ठीक ना?" म्हणतात, मी मान हलवते. गोळी थोडे दिवस बंद करून बघू का? की आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊ?

प्रतिसाद: ताई, गोळी परस्पर बंद करू नका. चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, चिडचिड, सगळं एकदम सुरू होऊ शकतं. अंदाज तुमचा बरोबर वाटतो. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या या गोळ्यांनी असं होणं नेहमीचं आहे, डॉक्टरांना त्यात नवल नाही. डोस कमी करता येतो, ब्युप्रोपिऑनसारखं दुसरं औषध असतं, पण ते त्यांनीच ठरवायचं. थायरॉइडमुळेही असं होऊ शकतं, तेही विचारा. दुखणं परत आलं तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ. आणि नवऱ्याला स्पष्ट सांगा, गोळीचा परिणाम आहे म्हणून. पुरुष मनाला लावून घेतात.

बोलायला जमत नसेल तर चिठ्ठी लिहून फाइलमध्ये ठेवा, किंवा नंबर लावतानाच "मला एकटीला बोलायचंय" सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता तुमचा हक्क आहे. तोवर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती: आभारी आहे. फाइल सासूबाईंच्याच पिशवीत असते हो! नंबर लावतानाच सांगेन. टेलिमानसवर बाईशीच बोलायचंय म्हटलं तर देतात का? कुणी केलाय फोन?