नुसता फोन आला आणि मंडळातले चार जण गळाले. पुढे कसं टिकावं?

झरीकाठ

नमस्कार. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमच्या गावात १९९८ साली नोंदवलेलं एक मंडळ आहे, त्याची मी सचिव. वाचनालय, मे महिन्यात मुलांचं शिबिर, गणेश चवथीच्या आधी मुलांना रानात नेऊन माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, फळं ओळखायला शिकवणं, इतकंच आमचं काम होतं.

दोन वर्षांमागे गावाच्या वरच्या अंगाला डोंगर कापायला सुरुवात झाली. त्याच्या बरोबर खाली आमची झर, म्हणजे पाण्याचा झरा, आहे. मे महिन्यात नळाला पाणी नसलं की अर्धा वाडा तिथे कळशा घेऊन उभा असतो. गेल्या पावसात तिचं पाणी तांबडं आलं, कळशीच्या तळाला बोटभर माती बसली. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही. म्हणून आम्ही माहिती अधिकारात परवानगीची प्रत मागितली, उपजिल्हाधिकाऱ्यांना पत्र दिलं आणि ग्रामसभेत विषय मांडला. घोषणा दिल्या नाहीत, रस्ता अडवला नाही.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत जे झालं ते सांगते. आधी आमच्या खजिनदारबाईंना पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘साहेबांनी बोलावलंय, येऊन जा.’ कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांचं वय सदुसष्ट. मग संस्था निबंधकांचं पत्र आलं, पाच वर्षांच्या कार्यकारिणीच्या याद्या आणि तपासलेले हिशेब सात दिवसांत द्या. शिबिराला दरवर्षी पंचवीस हजार देणाऱ्या गृहस्थांनी ‘यंदा राहू दे’ असं कळवलं. वाचनालयाच्या खोलीच्या मालकांनी पुढच्या महिन्यात खोली लागेल म्हटलं.

आणि चार राजीनामे आले. दोन तर शाळेच्या वहीचं पान फाडून लिहिलेले, ‘वैयक्तिक कारणास्तव’. दोन्हींवर नावं वेगळी, सह्या वेगळ्या, पण अक्षर एकाच मुलाचं. ते अक्षर मी ओळखते, कारण त्याचा ‘ण’ मी दुसरीत सुधारून घेतला होता. त्याची बायको सरकारी खात्यात कंत्राटावर आहे. ते दोन कागद मी टेबलाच्या खणात ठेवलेत, अजून कार्यवृत्तात घेतले नाहीत. हात होत नाही.

घरीही प्रश्न आहेच. २०२५ च्या सप्टेंबरात पणजीजवळ करंजाळ्याला एका सामाजिक कार्यकर्त्यावर भरदिवसा हल्ला झाला, तेव्हापासून मी संध्याकाळी उशिरा आले की यजमान फाटकाशी उभे असतात.

आमची एक चूक आहे ती लपवत नाही. कार्यकारिणीची यादी आम्ही तीन वर्षं निबंधकांकडे दिलेली नाही. हिशेब नीट आहेत, पण कागद गेले नाहीत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असा फोन आला तर काय बोलायचं? डोंगराचा विषय मंडळापासून वेगळा काढावा का? आणि जे गेले त्यांच्याशी कसं वागायचं? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

पर्वरीचा वकील

बाई, आधी फोनचं घेतो, कारण सगळी भीती तिथूनच घरात शिरते. खजिनदारबाईंनी एकच वाक्य पाठ करावं: ‘मी सहकार्य करीन, मला लेखी नोटीस द्या.’ आवाज चढवायचा नाही, कारण विचारत बसायचं नाही. फोन ठेवला की तारीख, वेळ, नंबर आणि बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव वहीत उतरवायचं.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दोन वेगळ्या नोटिसा आहेत. कलम १७९ ची नोटीस साक्षीदाराला असते. त्यात कुठल्याही वयाच्या स्त्रीला आणि साठीच्या वरच्या पुरुषाला ते राहतात त्या जागेशिवाय दुसरीकडे हजर राहायला सांगता येत नाही, म्हणजे पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं. कलम ३५(३) ची नोटीस ज्याच्यावर संशय आहे त्याला असते. ती आली तर मात्र जावंच लागतं, आणि जाण्याआधी वकिलाशी बोलायचं. दोन्ही लेखीच लागतात. या नोटिसा व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणं म्हणजे बजावणी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे ‘येऊन जा’ हा निरोप झाला, नोटीस नाही.

निबंधकांच्या पत्राला मात्र उत्तर द्याच, आणि मुदतीत द्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम ४ स्पष्ट आहे. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी द्यायची असते. तुम्ही तीन वर्षं दिली नाही ही खरी त्रुटी आहे, आणि अशी त्रुटी आपणहून कुणाच्या हाती ठेवू नये. राहिलेल्या याद्या एकत्र जोडा, उशिराची कबुली एका ओळीत द्या, हिशेबांसाठी तीस दिवसांची मुदत मागा. आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी इतक्या संस्था पाहिल्या, ज्यांचं काम चोख होतं पण शिक्का नव्हता.

आणखी एक. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुम्ही दोघीही पात्र आहात. मदत मागण्यात कमीपणा नाही. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १९ मध्येच आहे, तो कुणाची मेहरबानी नाही.

पत्रव्यवहारासाठी एकच व्यक्ती ठरवा, सगळं तिच्याच नावाने जाऊ दे.

सत्तरीकर

वकीलसाहेबांचं बाकी सगळं मान्य, शेवटची ओळ मान्य नाही.

मी सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या शेजारच्या गावचा. २०२१ च्या जानेवारीत आयआयटीच्या जागेवरून तिथे गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गुन्हे नोंद झाले. १५ जानेवारीला प्रकल्प तिथे होणार नाही असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. बाहेरच्यांना फक्त तो दिवस आठवतो. मला आठवतं ते बायकांचं एकत्र असणं. रानात जायच्या तर घोळक्याने, सभेला जायच्या तर घोळक्याने, कुणाला बोलावणं आलं तर तिच्या मागे दहा जणी. ‘तुमचा पुढारी कोण’ असं विचारलं की उत्तरच नसायचं. ज्याला फोन करून गप्प बसवावं असं एक नाव नव्हतं.

एक नाव पुढे केलं की सगळा भार त्या एका घरावर पडतो. तुमच्या खजिनदारबाईंवर पडलाय तसा. म्हणून पत्रावर पंचवीस सह्या घ्या, त्याही मंडळाबाहेरच्या. झरीवर कळशी घेऊन येणाऱ्या बायका आहेत ना, त्यांच्या घ्या. पाणी त्यांचं आहे.

कार्यालयात जाताना एकटं कधी जाऊ नका. साधी शिक्का मारायची फेरी असली तरी दोघी जा. एक बोलेल, दुसरी लिहील.

हिशेबनीस, म्हापसा

मी लहान संस्थांचे हिशेब तपासतो. बाईंनी ‘हिशेब नीट आहेत’ लिहिलंय, त्यावर एक नाजूक गोष्ट विचारतो, कारण गोव्यात ती हमखास निसटते.

तुमच्या देणगीदारांपैकी कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे का?

आपल्याकडे घरटी कुणीतरी बाहेर असतो. माणूस गावचा, आडनाव गावचं, जत्रेला येतो, इथल्याच बँकेतून रुपयांत पाच हजार देतो. पण पासपोर्ट पोर्तुगीज असेल तर कायद्याच्या नजरेत तो परदेशी नागरिक, आणि त्याचे पाच हजार ही परदेशी देणगी. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तेच. उलट दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवाला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी नव्हे. रक्कम तीच, फरक फक्त पासपोर्टचा.

परदेशी देणगी घ्यायला २०१० च्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेने तो पैसा दुसरीला देणं बंद झालं. मोठ्या संस्था पूर्वी दिल्लीहून निधी आणून खेड्यातल्या छोट्या मंडळांना वाटत, ती वाटच बुजली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली. मला ही दुरुस्ती अन्यायाची वाटते, पण ती आहे हे धरूनच चालायला हवं.

पावती पुस्तकं काढा आणि एकेक नाव बघा. काही सापडलं तर घाईने परत करू नका, खोडाखोड तर अजिबात करू नका. आधी सल्ला घ्या, त्याच कायद्याच्या कलम ४१ मध्ये तडजोडीची, म्हणजे दंड भरून प्रकरण मिटवण्याची, सोय आहे.

डोंगराचा विषय वेगळा काढावा का, यावर माझं मत ‘हो’ असं आहे, पण भीतीपोटी नव्हे. माहिती अधिकार हा नागरिकाचा आहे, संस्थेचा नाही. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर तेवढ्यावरून नाकारला जाऊ शकतो. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा. राहत्या घराचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं म्हटलंय आणि केंद्राने ते सगळ्या खात्यांना कळवलं आहे.

अजून नोकरीत

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. मी तुमच्या त्या चौघांपैकी नाही, पण तसाच एक आहे. आठ वर्षांमागे आमच्या गावातल्या एका समितीतून बाहेर पडलो. मला कुणी धमकी दिली नव्हती. कार्यालयात एक वरिष्ठ सहज म्हणाले, ‘तुझं नाव त्या पत्रावर दिसलं.’ बस. त्या महिन्यात बदल्यांची यादी निघणार होती आणि आई डायलिसिसवर होती.

नंतर समितीतली माणसं बाजारात दिसली की मी दुसऱ्या गल्लीतून जायचो. त्यांनी काही वाईट केलं नाही, फक्त बोलवायचं सोडलं. ते जास्त लागलं.

बाई, त्या मुलाला बोलवा. सहीसाठी नको. वाचनालयाच्या पुस्तकांना कव्हर घालायला बोलवा, शिबिराच्या जेवणाला बोलवा. नोकरीतला माणूस नाव देऊ शकत नाही, पण रात्री पत्र टाइप करून देऊ शकतो, गाडीने पणजीला सोडू शकतो. मी आज दोन संस्थांची पत्रं टाइप करतो. माझं नाव कुठेच नाही.

आणि ते राजीनामे कार्यवृत्तात घ्या. घेतले नाहीत तर यादीत त्यांची नावं राहतील आणि त्यांचा त्रास वाढेल.

झरीकाठ

पाच दिवसांनी लिहिते, आधी पुष्कळ धावपळ झाली.

खजिनदारबाईंना पुन्हा फोन आला. त्यांनी वाक्य कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलं होतं, तेच वाचलं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही, मग ‘बरं, बघतो’ म्हणाले. अजून कागद आलेला नाही. त्या म्हणाल्या, वाचताना हात थरथरत होता पण आवाज नाही.

निबंधकांकडे आम्ही दोघी गेलो. तीन याद्या, उशिराबद्दल एक ओळ, तीस दिवसांची विनंती. खिडकीवरच्या मुलीने प्रत घेतली आणि शिक्का उद्या मिळेल म्हणाली. आम्ही बाकावर बसलो. सव्वा तासाने मिळाला. दुसरीने लिहायचं हे फार उपयोगी पडलं. मी बोलताना काय विसरले ते घरी येऊन तिच्या वहीत सापडलं.

सत्तरीकर, सह्या एकतीस झाल्या. त्यात सात बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अर्जावर सही केली. एकीने अंगठा देऊ का विचारलं, मग म्हणाली थांब, येते मला, आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं. पत्र त्यांच्याच नावाने जाईल, मंडळाच्या नाही. वकीलसाहेब, तुमचं ऐकलं नाही, राग मानू नका.

राजीनामे कार्यवृत्तात घेतले. त्या मुलाला शनिवारी कव्हर घालायला बोलावलंय. ‘बघतो बाई’ म्हणालाय.

खोलीचं काही झालेलं नाही. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, पुस्तकं ठेवता येतील का ते समितीला विचारते आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा, करार कसा करावा?

म्हापशाच्या भाऊंसाठी: सगळी पावती पुस्तकं काल रात्री तपासली. २०२३ च्या शिबिराला तीन हजारांची एक देणगी सापडली, आमच्याच शाळेतला विद्यार्थी, आता इंग्लंडात स्विंडनला असतो. पासपोर्ट कुठला ते मला माहीत नाही. त्याची आई वरच्या वाड्यावर राहते, आज तिन्हीसांजेआधी तिच्याकडे जाऊन येते आणि काय ते इथे कळवते.