महाराष्ट्रातल्या म्युझियम्सचा नकाशा बनवलाय, पण कोऱ्या जिल्ह्यांचा अर्थ काय लावायचा?

नकाशावाली:
नमस्कार मंडळी. एमए भूगोलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी महाराष्ट्रातली वस्तुसंग्रहालयं नकाशावर मांडतेय. ओव्हरपास टर्बो हे शोधसाधन वापरून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावरचे ठिपके काढले, विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावरची यादी जोडली आणि सगळं क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. मुंबई-पुण्यात नुसती दाटी झालीय, कोल्हापूर-सांगली-सातारा पट्टाही बऱ्यापैकी भरलाय, आणि पूर्वेला गोंदिया-गडचिरोलीकडे जवळपास कोरं. आता लाख लोकसंख्येमागे म्युझियम किती ते काढून क्रमवारी लावायची आणि खालचे जिल्हे 'सांस्कृतिकदृष्ट्या मागास' म्हणून दाखवायचे असं गाईडचं म्हणणं आहे. पण माझ्याच्याने ते लिहवत नाहीये. माझं आजोळ भंडाऱ्याकडे, तिथं दिवाळी झाली की मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि नाटकं सुरू होतात ती थांबतच नाहीत, मग हा जिल्हा मागास कसा? माझं चुकतंय की पद्धतच चुकतेय?

लेयर_आणि_बॉर्डर:
क्रमवारीचं नंतर बघू, आधी डेटा साफ करून घ्या. भायखळ्याचंच बघा. १८७२ला लोकांसाठी उघडलेलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ मध्ये नाव बदलून डॉ. भाऊ दाजी लाड झालं, आणि लोक अजून राणीच्या बागेतलं म्युझियम म्हणतात. माझ्या एका कामात ही एकच इमारत तीन वेगवेगळ्या नावांनी तीनदा मोजली गेली होती. प्रिन्स ऑफ वेल्स आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही तशीच जोडी. त्यामुळे नावावरून जुळवू नका, शंभर-दीडशे मीटरच्या आतले ठिपके एकत्र काढा आणि एकेक डोळ्यांनी तपासा, कंटाळा येतो पण दुसरा इलाज नाही.

लोकसंख्या २०११च्या जनगणनेची घेणार ना? त्यात पालघर वेगळा नाहीये, तो २०१४ला ठाण्यातून निघाला, म्हणजे तालुक्यांची बेरीज करून घ्यावी लागेल. उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर हे नावाने जोडायला गेलात तर ओळी गळतील, जिल्ह्याचा कोड वापरा.

आणि महत्त्वाचं, ओपनस्ट्रीटमॅपवर माहिती स्वयंसेवक भरतात. ते जिथं राहतात तिथं ठिपके जास्त दिसणारच.

तेरकर:
दर लाखाचा आकडा काढून फार काही हाती लागणार नाही, ते म्युझियम तिथंच का झालं हे विचारा. सातारा पट्टा भरलेला दिसतो त्यामागे संस्थानं आहेत. औंध घ्या, ७२ गावांचं छोटं संस्थान, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये तिथं संग्रहालय उभं केलं आणि आज त्या गावात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. लोकसंख्येच्या कुठल्याच गणितात औंध बसत नाही.

दुसरं आमचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. इथं पाऊस पडून गेला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर मणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडायचे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वर्षानुवर्षं जमवलं, त्यातून आजचं शासकीय संग्रहालय झालं. पाँपेईला सापडलेल्या हस्तिदंती बाईसारखीच एक बाहुली इथंही मिळालीय. लहानपणी मी काचेला नाक लावून ती बघायचो, एवढीशी तर आहे, पण दागिने पार कोरून काढलेत. पुण्यातलं केळकर म्युझियमसुद्धा एका माणसाच्या ध्यासातूनच झालं. म्हणून तुमच्या टेबलात एक कॉलम वाढवा: कुणी सुरू केलं? संस्थानिक, इंग्रज सरकार, खासगी संग्राहक, शासन, ट्रस्ट. आणि सुरू कधी झालं, बंद कधी झालं. लंडनच्या बर्कबेक कॉलेजच्या लोकांनी ब्रिटनमधल्या चार हजारांहून जास्त म्युझियम्सचं १९६० ते २०२० असं काम केलंय, त्यात बंद पडलेलीही धरलीत. आपल्याकडे ही यादी कुणीतरी करायलाच हवी हो.

वडसा_स्टेशन:
ताई, तुम्हाला लिहवत नाहीये ते बरोबरच आहे. मी वडशाचा, म्हणजे देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. आमच्याकडे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसं आहेत, गाळ्यात टेबल, भिंतीवर पोस्टर आणि समोर तारखांची वही. गावोगावची मंडळं येतात, तारीख बघतात, ॲडव्हान्स देतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत सीझन. शेतात मंडप पडतो, रात्री नाटक सुरू होतं ते उजाडेपर्यंत, आणि नाटकाच्या निमित्ताने लेकीबाळी, सोयरे सगळे गावात येतात. सकाळी मंडप निघाला की तिथं परत शेतच. आता याचा ठिपका तुम्ही कुठं टाकणार?

पण डेटा आहे, त्या वहीत आहे. तारीख, गाव, कंपनी. मागून बघा, सगळे देतील असं नाही पण एक-दोघं नक्की देतील. तमाशाच्या सुपाऱ्या नारायणगावच्या राहुट्यांमध्ये ठरतात, तिथंही तेच. सिंधुदुर्गात दशावतारी मंडळांकडे जत्रांच्या तारखा असतात.

नकाशावाली:
खूप खूप आभार सगळ्यांचे. पालघरचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आजच दुरुस्त करते. क्रमवारी काढून टाकतेय, गाईडना तेर आणि औंधची उदाहरणं दाखवीन. आणि वडसा दादा, वहीतल्या नोंदींवरून महिन्यागणिक वेगळा नकाशा करता येईल असं वाटतंय, कार्तिक ते फाल्गुन. येत्या सुट्टीत आजोळी जाणारच आहे, तिथून वडशाला येते. आधी फोन करून यावं लागतं की दुकानात थेट गेलं तरी चालतं?

वडसा_स्टेशन:
थेट या. फक्त दुपारी या, सीझनमध्ये सकाळी सगळे रात्रीच्या जागरणाने झोपलेले असतात.