प्रतिसाद: तीन वेळा मोजलं, तीन आकडे आले

चष्म्यासाठी दोन बाहुल्यांमधलं अंतर आरशासमोर तीनदा मोजून 60, 62 आणि 64 मिमी आलं, कोणता आकडा लिहू, असं विचारलंय तुम्ही. सरासरी काढू नका, घरच्या कुणाला तरी मोजायला सांगा.

आपले डोळे काळेभोर, त्यात बाहुलीचा मध्य सापडतच नाही. आईचं मोजताना मी तिला ओसरीत उजेडाला बसवलं, आणि माझ्या डोक्यावरून दूर कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघायला लावलं. पट्टी भुवयांखाली नाकाच्या दांड्यावर आडवी धरली. मग बाहुली सोडून बुबुळाच्या कडा धरल्या: उजव्या डोळ्याची बाहेरची कड ते डाव्या डोळ्याची आतली कड. अंतर तेच येतं. उजवा डोळा बघताना मी माझा उजवा मिटला, डावा बघताना डावा. तिन्ही वेळा 61.

मोजून घेणाऱ्यानं दूर न बघता मोजणाऱ्याच्या नाकाकडे पाहिलं तर जवळ बघतानाचं माप येतं, साधारण 3 मिमी कमी. बहुतेक गफलत इथंच होते.

नंबर 1 च्या आसपास असेल तर 2 मिमीनं फारसं बिघडत नाही. 5-6 चा असेल तर डोकं दुखतं. प्रोग्रेसिव्ह काचांसाठी (दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, मधे रेघ नसते) मात्र यवतमाळ किंवा वर्ध्याची बस पकडून चष्मेवाल्याकडे जाच. त्या काचांना दोन्ही डोळ्यांचं माप वेगवेगळं लागतं, आणि फ्रेम घातल्यावर बाहुली किती उंचीवर येते तेही.