सॅपो-३४ : टेंप्लेट काढायची घाई नको

वर तुम्ही लिहिलंय की सॅपो-३४ (सिलिकॉन, अॅल्युमिनियम, फॉस्फरसचा बारीक छिद्रांचा कॅटॅलिस्ट) कॅल्साइन केल्यावर, म्हणजे तापवून त्यातलं टेंप्लेट (ज्याच्याभोवती छिद्रं घडतात तो सेंद्रिय रेणू) जाळल्यावर, एक्सआरडी (क्ष-किरणांनी केलेली स्फटिकरचनेची तपासणी) झकास आला आणि महिनाभर बाटलीत ठेवल्यावर सरफेस एरिया (मुख्यतः छिद्रांच्या आतला पृष्ठभाग) धाडकन पडला. मला तरी यात सिंथेसिसचा दोष वाटत नाही, साठवणीचा वाटतो. गंमत बघा, हाच पदार्थ ७०० डिग्रीच्या वाफेत बऱ्यापैकी तग धरतो पण शंभरच्या खाली साध्या दमट हवेत खराब होतो, कारण गार असताना पाणी छिद्रांत जाऊन बसतं आणि हळूहळू सांगाड्यातले बाँड तोडतं, गरम असताना ते आत टिकतच नाही. थोडे दिवसच दमट हवा लागली असेल तर परत तापवून बरंचसं सावरतं, जास्त दिवस गेले की विषय संपला.

म्हणून टेंप्लेट आतच राहू द्या, मॉर्फोलिन असो की टीईएओएच (टेट्राइथिलअमोनियम हायड्रॉक्साइड), तोवर छिद्रं भरलेली असतात आणि पाण्याला शिरायला जागाच नसते. रिअॅक्शनच्या आदल्या दिवशी ५५० ला हवेत जाळा आणि गरम असतानाच डेसिकेटरमधे (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) टाका, पावसाळ्यात तर हे हवंच.

आणि हो, अॅसिडिटी वाढवायला सिलिका भरमसाट घालू नका, सिलिकॉनची बेटं (सांगाड्यात एका जागी जमलेले सिलिकॉनचे पुंजके) तयार होतात आणि कोक (छिद्रं बुजवणारा कार्बनचा साका) पटापट साचतो. चीनमधे बाओटौला २०१० पासून मेथॅनॉलपासून ओलेफिन (इथिलीन, प्रोपिलीन) याच सॅपो-३४ वर बनतंय, तिथेही कोक जाळायला कॅटॅलिस्ट सतत रीजनरेटरमधे फिरवावा लागतोच.