शाळांचा तीस वर्षांचा आराखडा कायद्याने बांधावा का?

मूळ मांडणी

सार्वजनिक शिक्षणाचे नियोजन निवडणुकीच्या चक्रात अडकते, ही माझी तक्रार आहे. आज पंचविशीत नेमलेली शिक्षिका ३५ वर्षांनी निवृत्त होईल, आणि तिच्या शेवटच्या पहिलीतली मुले त्यानंतर निम्म्या शतकानेही नोकरीधंदा करत असतील. पण तिची नेमणूक ठरते ती चालू वर्षाच्या तिजोरीकडे पाहून. फिनलंडने समान शाळेचा, म्हणजे सर्व मुलांसाठी एकाच प्रकारच्या शाळेचा, कायदा १९६८ साली केला, १९७२ ते १९७७ या काळात उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत तो अमलात आणला आणि १९७९ पासून वर्गशिक्षकासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक केली. जगाने दखल घेतली ती २००१ साली, पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आल्यावर. शिक्षकभरती, प्रशिक्षण आणि इमारती यांचा तीस वर्षांचा आराखडा कायद्याने ठरवावा आणि सरकार बदलले तरी तो मोडता येऊ नये.

प्रतिसाद १

कायद्यात लिहिले म्हणजे झाले, हा भाबडेपणा आहे. इंग्लंड आणि वेल्ससाठी १९४४ साली झालेल्या कायद्यात शाळा सोडण्याचे वय १५ करण्याची आणि पुढे शक्य होताच १६ करण्याची तरतूद होती. पंधराचे वय १९४७ साली आले तेव्हा वर्गखोल्याच नव्हत्या, म्हणून तयार सांगाड्यांच्या तात्पुरत्या खोल्या उभारून मुले बसवावी लागली. सोळाचे वय यायला १९७२ साल उजाडले. शिवाय पटसंख्येचे काय? जन्मदर घसरल्यामुळे जपानमध्ये दरवर्षी शेकडो शाळा बंद होतात. तीस वर्षांपूर्वीच्या अंदाजाला कायद्याने चिकटून राहिलो, तर रिकाम्या बाकांना शिक्षक पुरवत बसू.

मूळ लेखक

पटसंख्येचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. सहा वर्षांनी पहिलीत येणारी मुले आज जन्मनोंदणीत दिसतात, माध्यमिक शाळेसाठी तर दहा-बारा वर्षांची आगाऊ सूचना मिळते, आणि शिक्षक घडवायला चार-पाच वर्षे पुरतात. स्थलांतर सोडले तर यात भाकीत कुठे आहे? ही मोजणी आहे. इंग्लंडमध्ये वय आधी ठरले आणि खोल्या मागाहून आल्या. हा दोष आराखडा अपुरा असण्याचा.

प्रतिसाद २

मोजणी बारा वर्षे पुरते, आपण मागता तीस. फिनलंडचेच पाहा: तिथल्या मूळ रचनेत वरच्या वर्गांत गणित आणि परकीय भाषांसाठी क्षमतेनुसार वेगवेगळ्या तुकड्या होत्या, त्या १९८५ साली रद्द झाल्या. आराखडा मोडण्याची मुभा नसती तर, मला वाटते, ज्या समतेचे आपण कौतुक करता तीच अडली असती. ‘पिसा’त वाचनातली त्यांची सरासरी २००० सालच्या ५४६ गुणांवरून २०२२ साली ४९० वर आली, हेही सांगायला हवे. दरवर्षी दुरुस्त होत एकेक वर्ष पुढे सरकणारा बारा वर्षांचा आराखडा मला पटतो.

मूळ लेखक

‘मोडता येऊ नये’ हे शब्द मागे घेतो. मात्र बदल करणाऱ्या सरकारने त्याची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत, एवढी अट कायद्यात हवीच.

प्रतिसाद १

कारणे लिहायला कोणत्या सरकारला अडचण येते? मला दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दोनच आकडे शेजारी शेजारी छापलेले हवेत: सहा वर्षांनी पहिलीत येणारी मुले किती, आणि यंदा अध्यापक महाविद्यालयांत मंजूर झालेल्या जागा किती.